गुढीच्या काठीवरून चार मीटर

आरेती पहिल्यांदा वसुधाच्या दारात आली ती एका काठीबद्दल माफी मागायला.

झालं होतं असं, की जर्मनीत बॉबलिंगेनमधल्या त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्यात एका सकाळी ही एवढी लांब काठी आडवी सापडली. एक टोक तळमजल्यावर, दुसरं पहिल्या मजल्याच्या वळणावर आणि मधे कठड्याला दोरीनं बांधलेली. तळमजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले तिला अडखळल्या, पडता पडता वाचल्या आणि मग त्यांनी जो आवाज लावला तो थेट पोटमाळ्यापर्यंत पोचला. त्यातून तो आठवडा त्यांच्या केरवोखचा. केरवोख म्हणजे पाळीपाळीनं एकेका घरानं आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा, ही तिकडची जुनी रीत. नावातच केर आहे, त्यामुळे मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही, फक्त पाळायला लावावी लागते. फ्राऊ हेबर्ले स्वतःची पाळी तर पाळतच, वर दुसऱ्याच्या पाळीत राहून गेलेला केरही शोधून काढत.

काठी निघाली पोटमाळ्यावरच्या खोलीत नव्यानं राहायला आलेल्या ग्रीक मुलीची. संध्याकाळी ती तिळाच्या बिस्किटांचा डबा घेऊन दारोदार सॉरी म्हणत फिरली. वसुधानं दार उघडलं तर समोर एकोणीस वर्षांची पोर. घारे डोळे, पैलवानासारखे खांदे, नखांत डांबर, आणि एका पायानं किंचित लंगडत होती.

"खोलीत मावत नाही," ती तुटक्या जर्मनमध्ये म्हणाली. "जिना वळतो, काठी वळत नाही. म्हणजे वळते, पण माझं वजन टाकलं तरच."

"एवढी मोठी काठी लागते कशाला तुला?"

"उडी मारायला."

वसुधा एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. कुठली गोष्ट कुठे मोडेल हे शोधायचा तिला पगारच मिळायचा. काठी जिन्यात राहिली तर एक दिवस फ्राऊ हेबर्ले मोडणार, हे तिला लख्ख दिसलं. "आमची बाल्कनी चांगली लांब आहे, तिथे आडवी टाक," ती म्हणून गेली. मग आरेतीनं खालच्या अंगणातून काठी सरळ वर दिली, वसुधानं पहिल्या मजल्यावरून ती ओढून घेतली आणि काम झालं.

एवढं झाल्यावर चहा विचारणं आलंच. वसुधानं विचारलं, "चहा घेणार?"

"ने," आरेती म्हणाली.

दहा वर्षं जर्मनीत काढलेल्या माणसाला 'ने' म्हणजे 'नको' हे झोपेतही कळतं. वसुधानं कप परत कपाटात ठेवला. पोरगी त्या कपाकडे असं तोंड करून बघत राहिली, की वसुधाच्या तेरा वर्षांच्या लेकीला, उर्जाला, राहवेना. उर्जाला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्येच यायचं. तिच्या वर्गात एक ग्रीक मुलगा होता. "ममा, तिला हवाय चहा," ती म्हणाली. "ग्रीकमध्ये ने म्हणजे जा!"

"म्हणजे कसं," वसुधाचा नवरा सुधीर सोफ्यावरून म्हणाला, "ग्रीक 'ने' म्हणजे जर्मन 'जा', म्हणजे आपलं 'हो'. जर्मन 'ने' म्हणजे आपलं 'नाही'. आणि मराठी 'ने' म्हणजे उचल आणि चालायला लाग. वा, काय सोय आहे!"

त्या दिवशी हसून हसून सगळ्यांचा चहा निवला. आरेती मग वरचेवर येऊ लागली. कामावरून परतताना जिन्यात आल्याचा वास आला, की तिची टकटक ठरलेली.

हळूहळू तिची सगळी कथा बाहेर आली. ग्रीसमध्ये समुद्राकाठचं लहानसं गाव, बापाची ऑलिव्हची झाडं. ऑलिव्ह पाडायला लांब काठीनं फांद्या झोडपतात, तसली काठी घेऊन ही अकरा वर्षांची कार्टी शेतातला पाण्याचा पाट ओलांडायची. आई ओरडायची, बाप काठी शोधत फिरायचा. शाळेच्या पीटीच्या मास्तरांनी एकदा ते पाहिलं आणि तिचा हात धरून मैदानावर बांबूउडीला नेलं. मैदान कसलं म्हणा! उडी मारून पडायची गादी फाटकी, तिच्यात मासेमारीची जुनी जाळी कोंबलेली. "पडलं की अंगाला मासळीचा वास यायचा," आरेती हसत सांगायची. पण त्या वासात लोळत ती जिल्ह्यात पहिली आली, मग शाळांच्या मोठ्या स्पर्धेत तिसरी. आणि नेमकी मास्तरांची बदली झाली. त्या हिवाळ्यात पावसानं गादीही गेली.

बापाचा एक चुलतभाऊ बॉबलिंगेनशेजारच्या सिंडेलफिंगनला छपरं घालायच्या धंद्यात होता. तो म्हणाला, पाठव पोरीला, काम शिकेल, आणि क्लबची गादी इथे नवी कोरी आहे. सतराव्या वर्षी आरेती एकटी आली. दिवसभर छपरावर कौलं, संध्याकाळी क्लबात उड्या. पहिल्या जर्मन स्पर्धेत कोच काय ओरडतोय तेच कळेना, सुरुवातीची उंचीसुद्धा पार झाली नाही, आणि बाईसाहेब टॉयलेटमध्ये बसून यथेच्छ रडल्या. दुसऱ्या वर्षी मात्र तीन मीटर साठ, मग तीन पंचाहत्तर, मग तीन नव्वद. कौलं वाहून खांदे बनले होते. आणि तीन नव्वदवर जी अडकली ती अडकलीच.

"चार का होत नाहीत?" एकदा वसुधानं विचारलं.

आरेतीनं बाल्कनीकडे मान वळवली. "हिच्यामुळे."

अंगात ताकद वाढली तशी तिची जुनी काठी तिला मऊ पडायला लागली होती. चार मीटरला जास्त लांब, जास्त ताठ काठी लागते. ती आणली. जानेवारीत पहिल्याच उडीत आरेतीनं ती गादीपुढच्या खोबणीत रोवली, पण काठी पुरती वाकलीच नाही. तिनं पोरीला गादीकडे न नेता उलटं मागे, धावपट्टीवर फेकलं. कंबर काळीनिळी झाली. हाड शाबूत राहिलं, पण आत काहीतरी मोडलं. तेव्हापासून नवी काठी हातात घेऊन ती धावायची, रोवायची वेळ यायची आणि पाय जमीन सोडायचाच नाही. तशीच काठी वर धरून आडव्या बारखालून पळत जायची. शेवटी कोच म्हणाला, हिला घरी घेऊन जा, रोज बघ, रोज हात लाव, ओळख झाली की भीती जाते.

म्हणून ती काठी बॉबलिंगेनला आली होती. रोज संध्याकाळी आरेती बाल्कनीत येऊन तिच्यावरून हात फिरवायची आणि क्लबात जाऊन जुन्याच काठीनं उड्या मारायची. वसुधाला हे दिसत होतं. बोलायचं कसं, ते सुचत नव्हतं.

आणि वेळ थोडा होता. ग्रीसच्या ज्युनियर संघाचं उन्हाळी शिबिर होतं. त्यांना मार्च संपायच्या आत चार मीटर हवे होते. मार्चच्या शेवटच्या रविवारी सिंडेलफिंगनच्या हॉलमध्ये छोटीशी स्पर्धा, तीच शेवटची संधी. बापानंही फोनवर सांगून टाकलं होतं, चार झाले तर उड्या मार, नाही झाले तर छपरं आहेतच. "आणि त्याचं बरोबर आहे," आरेती म्हणाली. "नाही झालं तर मी सोडणार. खरंच सोडणार." हे म्हणताना ती हसत होती, पण चहा तसाच ठेवून उठली.

मार्चच्या मध्याला सुधीरच्या आई पुण्याहून आल्या. सासरे जाऊन नुकतंच वर्ष झालं होतं. एकटीनं घरात पाडवा नको, म्हणून सुधीरनं हट्टानं आणलं. आईंनी तीन बॅगा आणल्या, वाळवलेला कडुनिंब आणला, साखरेच्या गाठी आणल्या, तांब्या आणला, आणि मनगटावर पुण्याची वेळ आणली. घड्याळ लावून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. "माझं बरोबर चाललंय," त्या म्हणाल्या. "तुमचं मागे आहे."

पहिल्याच रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "वर कोण राहतं गं?"

"आरेती," वसुधा म्हणाली.

"आरती? वा, छान नाव."

"आरती नाही आई, आरेती."

"तेच म्हणतेय मी. काय करते?"

सुधीरच्या तोंडात घास होता. छपरं घालणाऱ्याला जर्मनमध्ये जे म्हणतात ते त्यानं तसंच सांगितलं. "डाखडेकर आहे."

आईंचा हात ताटात थांबला. "डाखडेकर? कोकणातले का?"

सुधीरला ठसका लागला. उर्जा टेबलाखाली गेली ती वर येईना. वसुधानं हसू दाबत सांगितलं, "अहो आई, ती ग्रीक आहे. डाखडेकर हे कामाचं नाव आहे."

"असेल, असेल. आपल्याकडे तरी आडनावं कशावरून पडली?" आई म्हणाल्या आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांना आरेती भेटली. पिकल्या केसांची बाई बघून तिला गावच्या आजीची आठवण आली असणार. दोन्ही हात पसरून ती ओरडली, "याया!" ग्रीकमध्ये आजीला याया म्हणतात. आई घरात आल्या त्या खूश होऊनच. "काय अगत्य आहे पोरीला! स्वतः जिन्यात उभी आणि मला म्हणते, या, या. नाहीतर आमची उर्जा!" घारे डोळे, नाव आरती, आडनाव डाखडेकर आणि वर 'या या'. आरतीला थोडंफार मराठी येतं, हे आईंच्या मनात पक्कं झालं. वसुधानं दोनदा समजावलं, मग नाद सोडला. त्यात कुणाचं काय बिघडणार होतं?

बिघडलं पाडव्याला.

त्या वर्षी पाडवा आला तो नेमका त्याच रविवारी. शिवाय त्याच दिवशी इकडे घड्याळं तासभर पुढे करतात, त्यामुळे सकाळी सगळ्या घराची तारांबळ. "काल साडेचार तासांचा फरक होता, आज साडेतीनचा," आई मनगटाकडे बघून म्हणाल्या. "मी सांगत होते, तुमचंच घड्याळ भरवशाचं नाही." आणि सुधीरनं गुढीसाठी काठी आणलेली नव्हती. शनिवारी आणतो आणतो म्हणत विसरला, आणि रविवारी जर्मनीत दुकान उघडं मिळणं शक्य नाही.

"दरवर्षीसारखी झाडूच्या दांड्यावर उभारू," तो म्हणाला.

"झाडूच्या दांड्यावर? गुढी?" आईंचा आवाज चढला. "तुझ्या बाबांनी ऐकलं असतं तर!" आणि मग त्या पदर डोळ्यांना लावून बाल्कनीत निघून गेल्या.

बाल्कनीत काय पडलं होतं, ते सांगायला नकोच. लांब, सरळसोट, एक गाठ नाही, हाताला हलकी. आईंनी ती उचलून पाहिली. खाली अंगणात आरेती खांद्याला बॅग लावून क्लबच्या गाडीची वाट बघत उभी होती. आईंनी कठड्यावरून वाकून काठीकडे बोट दाखवलं. "आरती, ही घेऊ का गं? गुढीला?"

आरेतीला वाटलं, आजी विचारतेय ही काठी तुझी का. ती मान हलवून मोठ्यांदा म्हणाली, "ने, ने! ने, याया!"

आता यापेक्षा स्पष्ट परवानगी मराठीत आणखी कशी देतात?

वसुधा स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. हात पुसत ती बाल्कनीत आली तेव्हा सगळं उरकलं होतं. काठीला गरम पाण्यानं आंघोळ घातलेली, खोबरेल चोपडलेलं, हळदकुंकू लावलेलं. टोकाला मोरपंखी जरीची साडी, कडुनिंब, झेंडूची माळ, गाठी आणि सगळ्यांवर पालथा तांब्या. गुढी कठड्याला बांधून तिरकी बाहेर काढलेली, ती थेट दुसऱ्या मजल्याच्या वर गेली होती. खाली फ्राऊ हेबर्ले हातात झाडू घेऊन वर बघत उभ्या होत्या.

"अहो आई, ही काठी..."

"विचारून घेतलीय," आई समाधानानं म्हणाल्या. "ने ने म्हणाली. वर या या पण म्हणाली."

वसुधानं कपाळावर हात मारला आणि तशीच चपला न घालता खाली धावली. "आरेती, माफ कर गं. आईंना कळलं नाही. आत्ता उतरवते."

आरेती आ वासून वर बघत होती. मग ती जी हसायला लागली ती थांबेना. "नको, नको! राहू दे. किती सुंदर दिसतेय! मी जुनीच वापरणार होते. कोचला सांगते, नवी काठी आज सणाला गेलीय." एवढ्यात गाडी आली आणि ती शीळ वाजवत निघून गेली.

ती शीळ वसुधाला अजिबात आवडली नाही. सबब मिळालेल्या माणसाचा चेहरा तिला ऑफिसात रोज दिसायचा. जुन्या काठीवर चार होणार नाहीत हे आरेतीला माहीत होतं, आणि आता तिला कुणी बोलणारही नव्हतं. वसुधाला सगळ्यांचा राग आला. काठी विसरणाऱ्या सुधीरचा आला, आईंचा आला, आणि 'ने' म्हणजे काय हे आईंना वेळेवर न सांगणाऱ्या स्वतःचा सगळ्यात जास्त आला. श्रीखंड वाटीत तसंच राहिलं.

तीनच्या सुमाराला फोन वाजला. आरेती होती, आवाज अगदी बारीक. "वासुदा, जुनी काठी माझ्याखाली शेवईसारखी वाकतेय. लहान मुलींच्या उड्या चालल्यात, माझी उंची यायला वेळ आहे." मग जरा थांबून, "मला ती लांबवाली हवी. उडी मारीनच असं नाही सांगत. पण हवी."

"आणते," वसुधा बोलून गेली, आणि वळून बघते तर गुढीशेजारी खुर्ची टाकून, शाल पांघरून आई बसलेल्या.

तिनं भीत भीत सांगितलं. आईंचा चेहरा बदलला. "सूर्यास्ताआधी गुढी उतरवायची? लग्न झाल्यापासून एकदाही केलं नाही मी. आणि यंदा करू?"

"आज इकडे सूर्य मावळायला पावणेआठ होतील," सुधीर पुटपुटला. "तोवर स्पर्धा संपेल."

"आई," वसुधा त्यांच्यापुढे खाली बसली. "ती पोर आज चार मीटर उडाली नाही तर हे कायमचं सोडणार आहे. अकराव्या वर्षापासून उड्या मारतेय. आज काठी नेली नाही, तर आपल्या गुढीमुळे राहिलं असं होईल. मला नाही ते बघवणार."

आईंनी वर गुढीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काठी तिनंच दिली होती ना गं मला?"

वसुधानं त्यांच्या शालीचं टोक सारखं केलं. "हो."

आईंनी मनगट वर केलं. "माझ्या घड्याळात साडेसहा होऊन गेले. सुधीर, शरयूला फोन लाव."

शरयूकाकू म्हणजे आईंच्या पुण्यातल्या जाऊबाई. व्हिडिओवर त्यांची गच्ची दिसली, गुढी अजून उभी, मागे आकाश लाल. "मावळतोय, मावळतोय," त्या म्हणाल्या. "घाई काय आहे एवढी?" आणि मग ही चार माणसं बाल्कनीत पुण्याचा सूर्य मावळायची वाट बघत उभी राहिली. डोक्यावर बॉबलिंगेनचा सूर्य टळटळीत. सुधीर दोऱ्या घेऊन तयार, उर्जा गाडीची किल्ली घेऊन दारात.

"गेला हो!" शरयूकाकू फोनमधून ओरडल्या. "उतरवते मी आता."

आई उठल्या. "ही गुढी पुण्याच्या बाईनं पुण्याच्या घड्याळावर उभारलीय. हिला सूर्यही तिथलाच. तुमचा मावळो नाहीतर उगवत राहो." त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि सुधीरनं काठी आत झुकवल्यावर तांब्या स्वतःच्या हातानं काढला. उर्जानं तेवढ्यात आरेतीला फोन लावून स्पीकरवर टाकला होता. आई त्या फोनमध्ये, काठी सिंडेलफिंगनपर्यंत आवाजानंच पोचवायची असल्यासारख्या ओरडल्या, "ने गं बाई, ने!"

"ने?" पलीकडून आरेती.

"ने! ने!"

"का नाही?" अंगणातून फ्राऊ हेबर्लेंनी जर्मनमध्ये विचारलं. सकाळपासून त्या हे सगळं बघत होत्या आणि आता बाई नको म्हणतेय असं त्यांना वाटलं. पण वरून काठी खाली यायला लागली तशी त्यांनी झाडू टाकला आणि दुसरं टोक धरलं. काठी गाडीच्या टपावर बांधली, मागे निघालेल्या टोकाला लाल खूण हवी म्हणून आईंनी ओटीतला खण काढून दिला, आणि अशी वरात सिंडेलफिंगनला निघाली.

हॉलमध्ये पोचले तेव्हा बार चार मीटरवर होता. आरेती तीन सत्तर जुन्या काठीनं पार करून थांबली होती, मधल्या उंच्या तिनं सोडून दिल्या होत्या. कोचनं काठी हातात घेतली, हुंगली आणि गोंधळून वसुधाकडे पाहिलं. आरेतीनं स्पिरिटनं खोबरेल पुसून काढलं. कुंकू मात्र राहिलं, वर टोकाशी, जिथे तांब्या होता तिथेच. काठी धरायची जागाही तीच.

"पुसू का?" वसुधानं विचारलं. आरेतीनं नाही म्हणून मान हलवली.

पहिल्या वेळेला ती धावली आणि काठी वर धरून बारखालून तशीच पळत गेली. दुसऱ्या वेळेलाही तेच. एका उंचीला तीनच संधी मिळतात.

"यात उडी कुठे आहे?" आईंनी विचारलं. "नुसती पळतेय ती."

"पडली होती ना आई या काठीवरून. घाबरलीय."

"म्हणजे एवढी गुढी उतरवून आणली, आणि ही काठी तशीच हातात घेऊन परत येणार?" आई उठल्याच. नऊवारी, त्यावर सुधीरचं स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज. तोंडाशी हात धरून त्यांनी अख्ख्या हॉलमध्ये घुमेल अशी हाक मारली. "आरती! ने वर तिला! ने!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. कुणीतरी 'नको'च ऐकलं असणार, कारण पुढच्या रांगेतला एक म्हातारा रागानं शूक् करून म्हणाला, पोरीला घाबरवू नका. धावपट्टीच्या टोकाला आरेती काठी घेऊन उभी होती. तिनं गॅलरीत पाहिलं. तिचे ओठ हललेले वसुधाला दिसले.

"ने."

आणि ती धावली. काठी रोवली गेली, पाय जमिनीवरून सुटले, काठी वाकली, वाकली आणि मग सरळ उभी राहिली. एक क्षण ती धावपट्टीच्या शेवटी ताठ उभी होती, आणि टोकाशी आरेती, पाय आभाळाकडे, डोकं खाली, वेणी लोंबत असलेली.

"अगं बाई!" आईंनी वसुधाचं मनगट घट्ट धरलं. "गुढीच की गं! तांब्या बघ, पालथा!"

आरेती वळली, बारवरून गेली आणि गादीत पडली. तिच्या पोटाचा बारला धक्का लागला होता. बार थरथरला, नाचला, थांबला. पडला नाही. मग हॉलमध्ये जे झालं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. सुधीर शेजारच्या अनोळखी जर्मन माणसाच्या गळ्यात पडला, उर्जा आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर मराठीत ओरडली, "झालं! आजी, झालं!" आणि वसुधा ढसाढसा रडली.

आरेती धावत गॅलरीशी आली तेव्हा तिच्या कानाला फोन होता. पलीकडे बाप. तो काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा, आणि ही डोळे पुसत एकच शब्द म्हणत होती. "ने, बाबा. ने. ने."

आईंनी थोडा वेळ ऐकलं. "बापाला काय न्यायला सांगतेय ही?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. वसुधानं सांगून टाकलं. "काही न्यायला सांगत नाहीये, आई. त्यांच्या भाषेत 'ने' म्हणजे 'हो'. तो विचारतोय चार झाले का, आणि ती हो म्हणतेय."

आईंनी यावर विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सकाळची बाल्कनी आली, मग दुपारचा फोन आला. "म्हणजे सकाळी ती मला काठी ने म्हणाली नव्हती?"

"नाही."

"अरे देवा. न विचारताच घेतली मी." त्या जराशा खजील झाल्या. मग एकदम मान वर करून म्हणाल्या, "आणि मी तिला मघाशी ने म्हटलं, तेव्हा तिनं काय ऐकलं?"

"तिला वाटलं, तुम्ही हो म्हणताय."

तेवढ्यात आरेती कठड्यावरून चढून आलीच. "याया!" म्हणून तिनं आईंना मिठी मारली, त्यांना चक्क जमिनीवरून उचललं. आईंनी कमरेच्या पिशवीतून गुढीची साखरेची गाठी काढली, एक तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला, आणि तिच्या खांद्यावरून वसुधाकडे बघून म्हणाल्या, "मग बरोबर ऐकलं तिनं."